नाव घेऊन केलेली प्रार्थना

निपाणी
४ मे २०२३

शांतू,

तुला आणि घरच्या सगळ्यांना माझा सलाम.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं विचारू नकोस. फोनवर आपलं काय होतंय तुला ठाऊक हाय. निवडणूक लागल्यापासनं तू तिकडनं आरडतोस, मी हिकडनं, आणि शेवटी कोणतरी फोन ठेवून देतंय. मी मिरजेला नर्सिंगला होते तवा आपण पत्रं लिहायचो, एकदाबी भांडलो न्हाय. म्हणून म्हटलं, ही धामधूम सरेपर्यंत पत्रच बरं.

आज मात्र लिहितेय ती आनंदानं. तुमच्या मंडळीतली जयाबाई, खडेबाजारात शिलाईचं दुकान हाय ती, परवा भाचीच्या लग्नाला हितं आलती. मी विचारलं, आमचा विनोद येतोय का गं चर्चला? तर म्हणाली, "आक्का, रविवारी तुमच्या भावानं भर मंडळीत विनोदचं नाव घेऊन प्रार्थना केली की." एवढं बोलली आणि ताटं वाढली म्हणून उठली. मी तिथंच पदर डोळ्याला लावला. शांतू, पोरगं माझं, पण तुझ्या गावात राहतंय, तुझ्या हातात हाय, हे मला किती बरं वाटतं तुला कळायचं न्हाय.

विनोदची एस्तेर वेळेआधी जन्मली, काचेच्या पेटीत ठेवली, तवाबी तू दवाखान्याच्या पायरीवर बसून होतास. आता लेकरू अंग धरतंय. तिच्यासाठीच नाव घेतलं असशील बापाचं. मला राहवलं न्हाय, काल महिला सभेत उभी राहून साक्ष दिली. म्हटलं, भाऊ असावा तर असा. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

अठ्ठावीस तारखेला, पेंटेकॉस्टच्या रविवारी, एस्तेरचा बाप्तिस्मा तुमच्याच चर्चमधी करायचा ठरलाय ते ध्यानात हाय न्हवं? पांढरं झबलं शिवून तयार हाय. विनोदला विचारलं तर नुसतं "बघू" म्हणतोय. त्या पक्षाचा पंचा गळ्यात घालून फिरतोय, ते मलाबी पटत न्हाय, तुला म्हणून सांगते. पण मतदान झालं की उतरेल डोक्यातनं. तू मामा हायस, सांभाळून घे.

तुझी,
करुणाक्का


बेळगाव
८ मे २०२३

प्रिय आक्कास,

प्रभूच्या कृपेनं आम्ही सर्व जण कुशल आहोत. तुझं पत्र मिळालं.

त्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेची पाळी माझी होती. मंडळीत कुणी आजारी असेल, कुणी अडचणीत असेल, कुणाचं पाऊल घसरलं असेल, तर त्याचं नाव घेऊन देवाजवळ मागायचं, ही आपल्या आप्पांच्या काळापासूनची रीत. त्याप्रमाणे विनोदचंही नाव घेतलं. त्यात आभार मानण्यासारखं काही नाही. मंडळीच्या कारभारातला वडीलधारा म्हणून आणि मामा म्हणून माझं जे कर्तव्य होतं ते मी केलं.

तू महिला सभेत लगेच साक्ष द्यायची एवढी घाई करायला नको होतीस. असो, झालं ते झालं.

बाप्तिस्म्याचं मात्र जरा दमानं घ्यावं असं मला वाटतं. आईबापांनी मंडळीसमोर वचन द्यायचं असतं. त्यांचं मन त्या वेळी ठिकाणावर असायला हवं. विनोदचं लक्ष सध्या दुसरीकडेच आहे. चार तरुण पोरांच्या संगतीत जीपमध्ये उभा राहून घोषणा देताना मी त्याला स्वतः पाहिलं. ज्या पक्षाची माणसं आपल्याला परके समजतात त्यांच्यासाठी आपल्या घरातलं पोर घसा कोरडा करतं, याचं मला फार दुःख होतं. पाळकसाहेबांशी बोलून पुढची एखादी तारीख काढता येईल. एस्तेर जरा मोठी झालेली बरी, उन्हाळाही सरेल.

तू प्रकृतीला जप. गुडघ्याला तेल लावत जा.

प्रभूमध्ये तुझा,
शांतवन


निपाणी
१५ मे २०२३

शांतवन,

काल तुझ्या बेळगावच्या कडेला, कंग्राळीला विनोदकडं जाऊन आले. निकाल लागलाय, कोण पडलं आणि कोणाच्या दारात गुलाल उडाला त्यात मला आता काडीचा रस न्हाय.

विनोद मला बघून आत गेला तो बाहेर येईना. मी सुनेला, सौम्याला म्हटलं, काय गं, मामानं एवढी तुमच्या लेकरासाठी प्रार्थना केली आणि ह्याचं तोंड असं का? ती एस्तेरला झोका देत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, "आई, मामांनी एस्तेरसाठी न्हाय प्रार्थना केली." आणि मग तिनं तुझा शब्द न शब्द सांगितला.

"हे प्रभू, आमच्यात बसलेला विनोद तुला तीस रुपयांना विकणाऱ्याच्या वाटेनं निघालाय. त्याच्या गळ्यात काय हाय ते तू बघतोस. त्याला लाज दे, आणि परत आण."

त्याला लाज दे म्हणालास! माझ्या पोराला भर मंडळीत येशूला विकणारा यहूदा केलास, आणि सगळ्यांनी डोळे मिटून आमेन म्हटलं.

तुला काय म्हणू रं मी? चर्चच्या अंगणात त्याला धरून चार शिव्या घातल्या असत्यास तर त्यानं तोंड दिलं असतं. मामा-भाच्याचं भांडण म्हणून लोकं विसरली असती. कमिटीत विषय काढला असतास तर तिथंबी तो बोलला असता. पण प्रार्थना चालू असताना कोण मधे उठून "हे खोटं हाय" म्हणतंय? मान खाली घालून ऐकून घ्यावं लागतंय. ते तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तू ती जागा निवडलीस.

आणि वर माझे आभार घेतलेस! माझं पत्र हातात धरून तुला एवढंबी वाटलं न्हाय की हिला खरं सांगावं? "कर्तव्य केलं" म्हणे. गुडघ्याला तेल लाव म्हणे. हितं बायका मला भेटतात आणि विचारतात, करुणाबाई, भावाच्या प्रार्थनेनं नातीला गुण आला का? मी पदर सारखा करते आणि वाट बदलते. त्या सभेत परत पाय ठेवायचा मला धीर व्हत न्हाय.

तो त्या लोकांबरोबर का फिरतो, हे तू त्याला कधी विचारलंस? मीबी विचारलं न्हवतं. सौम्यानं सांगितलं. शेजारचा भरमा त्याच पक्षाचा. सौम्याला कळा आल्या तवा रिक्षा मिळेना, भरमानं टेंपोतला भाजीपाला रस्त्यावर उतरवला आणि तिला दवाखान्यात नेली. मग तो प्रचाराला "चल" म्हणाला, हा गेला. आणि नुसतं उपकारापोटी न्हाय, त्यांची काही मतंबी ह्याला पटतात. मला न्हाय पटत. पण पटणारा माझाच लेक हाय न्हवं?

माझीबी लाज वाटते मला. मीच त्याला फोनवर "वाया गेलास" म्हटलतं. तुझ्यासमोर त्याच्या नावानं बोटं मोडलीत. तुझ्या त्या प्रार्थनेत निम्मे शब्द माझेच असतील.

विनोद म्हणतोय, एस्तेरला त्या चर्चमधी न्हेणार न्हाय. कुठंच न्हेणार न्हाय, असंबी म्हणाला. झबलं पिशवीतनं नेलतं, तसंच परत आणलं.

करुणा


बेळगाव
२२ मे २०२३

आक्का,

तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. उत्तर लिहायला बसलो की पहिलं वाक्य सुचतं ते माझ्याच बाजूचं. चार कागद फाडले.

तू म्हणतेस ते खरं आहे. मला ठाऊक होतं. प्रार्थनेत कुणी अडवत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझी बाजू सांगतो, मग हवं तर हा कागदही फाड. गेल्या साली एका खेड्यात आम्ही घरसभेला गेलो होतो. गीत म्हणत होतो. दारात माणसं येऊन उभी राहिली. पायातल्या चपलांसकट आत शिरली, गीतांची पुस्तकं अंगणात भिरकावली, घरधनीण हात जोडून रडत होती. त्यातल्या एकाच्या गळ्यात तसलाच पंचा होता. मी म्हातारा माणूस कोपऱ्यात उभा राहिलो. एक शब्द तोंडातनं निघाला नाही. हे मी तुलाही कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात माझं काहीच नव्हतं. आणि त्या रविवारी विनोद प्रचारातनं थेट चर्चला आला, पंचा काढायचा विसरला, माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसला. मी डोळे मिटले तरी तो पंचाच दिसत होता. त्या दिवशी त्या माणसांना जे बोलायला हवं होतं ते मी माझ्या भाच्याला बोललो. तो मला मारणार नव्हता.

परवा कंग्राळीला गेलो. भरमा तिथंच बसला होता. मला बघून उठला, "या अण्णा" म्हणाला, आपली खुर्ची दिली आणि निघून गेला. मला तिच्यावर बसवेना. विनोदला म्हटलं, पोरा, चुकलं माझं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही घरात माफी मागताय. झालेलं ते घरात झालं न्हवतं." सौम्यानं चहा दिला, तो प्यालो आणि आलो.

म्हणून काल रविवारी पाळकसाहेबांना विचारून मी पुन्हा प्रार्थना केली. भर मंडळीत म्हणालो, "हे प्रभू, माझी जीभ घसरली, तुझ्या दासाला क्षमा कर." पुष्कळ जण हेलावले. कमिटीतल्या आण्णाप्पांनी तर बाहेर आल्यावर मला मिठी मारली, म्हणाले, असा नम्रपणा पाहायला मिळत नाही. विनोदपर्यंत ते पोचलं असेलच. आता तू त्याला समजाव. अठ्ठावीस तारीख अजून हातात आहे.

शांतवन


निपाणी
२५ मे २०२३

शांतवन,

देवाकडं माफी मागायला काय जातंय? तो काय कंग्राळीत राहतोय? की तो दुसऱ्या बाकावर बसलता?

विनोदचं नाव घेऊन त्याला खाली पाडलंस, आणि माफी मागताना त्याचं नाव विसरलास. "जीभ घसरली" म्हणे. जीभ घसरत न्हाय अशी. आणि परत सगळ्यांचे डोळे मिटलेलेच! मिठी मारून घेतलीस, शाबासकी घेऊन आलास. त्याला खाली पाडलंस तवाबी आमेन, आणि आता तुझा नम्रपणा बघूनबी आमेन.

तुझ्या घरसभेचं वाचून मला रडू आलं. मला सांगायचं होतंस, वेड्या. पण ते दुःख वेगळं आणि हे वेगळं. एकाचं उसनं दुसऱ्यावर फेडू नये.

लोकांचे डोळे उघडे असताना बोल. तुझेबी उघडे ठेव. जमत नसेल तर मला पत्र लिहू नकोस.

करुणा


बेळगाव
२९ मे २०२३

आक्का,

बोललो. नीट बोललो का, ठाऊक नाही.

पेंटेकॉस्टचा रविवार, चर्च भरलेलं. ज्या दिवशी एस्तेर पुढं असायला हवी होती त्या दिवशी मी पुढं होतो. शेवटच्या आशीर्वादाच्या आधी जाहिराती, म्हणजे आठवड्याच्या सूचना, सांगतात, तवा पाळकसाहेबांना म्हटलं, मला दोन मिनिटं द्या, प्रार्थना करायची न्हाय, बोलायचं हाय. माईकपाशी उभा राहिलो. बायका पर्स आवरत होत्या, पोरं चुळबुळ करत होती. मी म्हटलं, "माझा भाचा विनोद ह्याला मी हितं उभा राहून यहूदा म्हटलं. प्रार्थनेच्या नावाखाली म्हटलं. तो उत्तर देऊ शकणार न्हाय हे जाणून म्हटलं. त्यानं कुणाला विकलेलं न्हाय. त्यानं त्याला पटलं त्याला मत दिलं. मी खोटं बोललो, आणि देवाला त्यात साक्षीला ओढलं."

आक्का, आजवर मी किती वेळा तिथं उभा राहिलोय, पण एवढे डोळे माझ्याकडं कधी न्हवते. प्रार्थना करताना फक्त डोकी दिसतात, केस दिसतात. काल तोंडं दिसली. काही जणांनी मान फिरवली. आण्णाप्पा मोठ्यानं म्हणाले, "बसा आता, खरं तेच बोलला होता तुम्ही." मागनं कुणीतरी "बरोबर" म्हटलं. मला वाटलं होतं लोकांना माझा राग येईल. त्यांना माझी प्रार्थना आवडलेली होती, माफी आवडली न्हाय. मी म्हटलं, "आण्णाप्पा, मला अजूनबी तो पक्ष पटत न्हाय. मरेपर्यंत पटायचा न्हाय. पण मी चुकलो." मग येऊन बसलो. आमेन कुणी म्हटलं न्हाय. आशीर्वाद झाला आणि लोकं माझ्या बाकाला वळसा घालून गेली. एक जयाबाई तेवढी थांबली.

विनोद न्हवता. सौम्याबी न्हवती. मी दाराकडं बघतच बोललो.

प्रार्थनेची पाळी मी सोडली. पाळकसाहेब नको म्हणाले, पण सोडली. घरीबी जेवणाआधी आता बायकोच प्रार्थना करते, मी नुसता बसतो. तोंड उघडलं की तेच शब्द येतील अशी भीती वाटते.

एस्तेरचा बाप्तिस्मा कुठंबी होऊ दे, पण होऊ दे. माझ्यापायी लेकराचं काही अडलं हे घेऊन मला मरायचं न्हाय. मला बोलावू नकोस, नुसतं झालं म्हणून कळव.

शांतू


निपाणी
३ जून २०२३

शांतू,

जयाबाईनं विनोदला फोन करून सगळं सांगितलं म्हणे. त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, निपाणीत करूया." मी कारण विचारलं न्हाय. अकरा तारखेला, आमच्या चर्चमधी.

तुला बोलवू का, असंबी विचारलं न्हाय. न्हाय म्हणाला असता तर काय केलं असतं? तुला मी बोलावतेय, माझ्या नावावर. ये. मागं बस. पुढं पुढं करू नकोस, कुणाला उपदेश करू नकोस.

मीबी परवा महिला सभेत उभी राहिले. म्हटलं, मागं दिलेली साक्ष चुकीची होती. कारण सांगितलं. टाळ्या काही वाजल्या न्हाईत. पण आता निदान वाट बदलावी लागत न्हाय.

आक्का


कंग्राळी
१४ जून २०२३

मामा,

सलाम. तुम्ही आणि आई पत्रं लिहिता हे मला आत्ता कळलं. समोर बसून मला हे सांगायला जमलं नसतं, म्हणून मीबी कागद घेतलाय. मला लिहायची सवय न्हाय, चुकलंमाकलं तर समजून घ्या.

रविवारी तुम्ही आलात, शेवटच्या बाकावर बसलात. एस्तेर पाणी पडल्यावर रडली न्हाय हे तुम्हीबी बघितलं असेल. जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "विनोद अजून रागात हाय, प्रार्थनेला त्यानं आमेनसुद्धा म्हटलं न्हाय." मी ताक वाढत होतो, मला ऐकू आलं. तवापासनं ते डोक्यात घुमतंय.

राग होता. पेंटेकॉस्टला तुम्ही जे केलंत ते जयाबाईंनी सांगितलं, तवा तो गेला. आण्णाप्पांसमोर तसं बोलायला छाती लागते, मला ठाऊक हाय. तुमच्या घरसभेत काय झालं तेबी आईनं सांगितलं. मी भरमाला विचारलं, हे असलं तुमची माणसं करतात काय रं? तो आधी न्हाय म्हणाला, मग विषय बदलायला लागला. आमचं त्यावरनं वाजलं. परत कधी प्रचाराला जाईन का, ठाऊक न्हाय. पण मत कुणाला द्यायचं ते मी ठरवीन, मामा, ते तुम्हीबी न्हाय आणि भरमाबी न्हाय.

आता जे सांगायचंय ते सांगतो. ह्यावर मी सौम्याशीबी कधी बोललो न्हाय.

त्या रविवारी तुम्ही माझं नाव घेतलंत तवा मला आधी बरं वाटलं. वाटलं, एस्तेरसाठी मागताय. मी मान आणखी खाली घातली. मग तीस रुपये ऐकले. गळ्यात काय हाय ते बघ, ऐकलं. लाज दे, ऐकलं. उठून जावं वाटत होतं, पण प्रार्थनेत उठायचं नसतं हे तुम्हीच मला लहानपणी मांडीवर बसवून शिकवलंत. म्हणून बसलो. तुमचं संपलं. सगळे आमेन म्हणाले. मामा, मीबी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. लहानपणापासनं प्रार्थना संपली की तोंडातनं जातंय तसं गेलं. माझ्या लाजेसाठी तुम्ही मागितलंत आणि मीच वर "तसंच होवो" म्हटलं. शेजारी सौम्या गप्प होती. आमच्या दोघांतनं मीच तेवढा म्हणालो.

तुम्ही तुमच्या तोंडाची माफी मागितलीत. ती मी दिली, मनापासनं दिली. पण माझ्या तोंडाचं मी काय करू? आता कुणीबी प्रार्थना करायला लागलं की मी शब्द न शब्द कान देऊन ऐकतो, आता हा काय मागतोय, कुणाविरुद्ध मागतोय. आणि शेवट आला की ओठ मिटून घेतो.

निपाणीच्या पाळकांनी एस्तेरला हातात घेतलं आणि किती साधी प्रार्थना केली. ह्या लेकराला वाढव, शहाणी कर, एवढंच. त्यात नको म्हणण्यासारखा एक शब्द न्हवता. आई म्हणाली, सौम्या म्हणाली, मागनं तुमचाबी आवाज मी ओळखला. माझं तोंड उघडलंच न्हाय. माझ्याच लेकीच्या बाप्तिस्म्याला मला आमेन म्हणता आलं न्हाय, मामा.

तुमचा,
विनोद